शुक्र उलटा फिरतो म्हणजे नक्की कुठून बघितल्यावर? आणि मोटर, घड्याळ, स्क्रू यांच्या दिशेशी त्याचा काही संबंध आहे का?

विहिरीवरून

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा. मध्यंतरी आमच्याकडची डीपी बदलली, लाइट आल्यावर विहिरीवरची मोटर चालू केली तर आवाज नेहमीसारखाच पण पाइपला निम्मंसुद्धा पाणी येईना. आधी वाटलं फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल. वायरमनला बोलावलं, त्यानं मेन बंद करून स्टार्टरच्या दोन वायरी इकडच्या तिकडं केल्या, परत चालू केली आणि पाणी जोरात सुरू. म्हणाला मोटर उलटी फिरत होती.

माझी मुलगी आठवीला आहे, ती तिथंच उभी होती, तिनं लगेच विचारलं की बाबा शुक्र पण उलटा फिरतो म्हणतात, मग त्याचं कुणी काय बदललं? प्रश्न मला फार आवडला आणि त्याचं नीट उत्तर तिला मिळावं असं मनापासून वाटतंय. उलटा म्हणजे कशाच्या तुलनेत उलटा, आकाशात तर वर खाली काही नाही, मग ही दिशा ठरवली कुणी? बाकीचे ग्रह एका दिशेनं आणि हा एकटाच का वेगळा? आणि घड्याळ, पंखा, स्क्रू, मोटर या सगळ्यांची दिशा ठरवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा काही हात आहे का, की ते नुसतं माणसांनी ठरवलंय? ज्याला जेवढं माहीत असेल तेवढं लिहा, मी तिला वाचून दाखवणार आहे.

नभांगण

मुलीचा प्रश्न एकदम योग्य जागी बोट ठेवणारा आहे. आधी कुठून बघायचं ते मिटवू, निम्मा गोंधळ तिथंच असतो. सीलिंग फॅन अगदी स्लो ठेवा आणि खालून बघा. माझ्या घरातला खालून बघितला तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. तोच पंखा शिडीवर चढून वरून बघितला तर काट्यांच्या दिशेनं फिरताना दिसतो. पंख्यात काही बदललं नाही, बघणारा बदलला. त्यामुळं बघणारा कुठं आहे ते सांगितल्याशिवाय दिशेला काही अर्थच नाही.

ग्रहांच्या बाबतीत ठरलंय असं की पृथ्वीचा उत्तर ध्रुव ज्या बाजूला आहे त्या बाजूनं, लांबून, सूर्यमालेकडं बघायचं. तिथून पृथ्वी स्वतःभोवती काट्यांच्या उलट दिशेनं फिरताना दिसते, सूर्याभोवती पण त्याच दिशेनं जाते, चंद्र पृथ्वीभोवती त्याच दिशेनं, आठही ग्रह सूर्याभोवती त्याच दिशेनं आणि खुद्द सूर्य पण स्वतःभोवती तसाच (विषुववृत्तापाशी साधारण २५ दिवसांत एक फेरी, ध्रुवांकडं जास्त वेळ, कारण तो घट्ट गोळा नाहीच). दक्षिणेकडून बघा, हे सगळं काट्यांच्या दिशेनं दिसेल आणि ते तितकंच खरं असेल. उत्तर वर धरायची ही आपली नकाशांची सवय, विश्वाला तिचं काही देणंघेणं नाही.

पण एक गोष्ट कुठूनही बघा, बदलत नाही. कोण कोणाच्या जोडीनं फिरतंय आणि कोण कोणाच्या विरुद्ध. शुक्र सूर्याभोवती ज्या दिशेनं जातो त्याच्या विरुद्ध दिशेनं तो स्वतःभोवती फिरतो, हे उत्तरेकडून बघा नाहीतर दक्षिणेकडून, तसंच दिसणार. म्हणून त्याचं उलटेपण खरं आहे, नुसतं बोलण्यापुरतं नाही.

आता सगळे एका दिशेनं का. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक प्रचंड ढग स्वतःच्या वजनानं आकसत गेला. त्याच्यात सगळीकडच्या हालचाली होत्या पण सगळ्यांची बेरीज वजाबाकी करून थोडं तरी फिरणं एका बाजूला उरतंच, आणि ढग जितका लहान होत गेला तितकं ते फिरणं वाढत गेलं, कारण कोनीय संवेग (फिरण्याचा एकूण साठा) कुठं जात नाही. विरुद्ध जाणारं मटेरियल एकमेकांवर आदळून आदळून तो वेग गमावत गेलं आणि मधे सूर्य, भोवती एकाच दिशेनं फिरणारी चपटी तबकडी असं उरलं. ग्रह त्या तबकडीतून बनले म्हणून सूर्याभोवती सगळे एका बाजूनं. तो ढग सुरुवातीला दुसऱ्या बाजूला थोडा जास्त फिरत असता तर आपला सूर्य पश्चिमेला उगवला असता आणि आपण त्यालाच पूर्व म्हणत बसलो असतो.

स्वतःभोवती फिरणं हे मात्र वेगळं प्रकरण आहे. इथं नुसतं तबकडी फिरत होती म्हणून ग्रहही फिरले एवढं म्हणून भागत नाही, कारण ग्रह तयार होतानाच्या शेवटच्या मोठमोठ्या टकरी कुठल्या कोनात बसल्या यावर बरंच ठरतं. म्हणून गुरूचा आस जेमतेम ३ अंश कललेला, पृथ्वीचा २३.४, मंगळाचा २५ च्या आसपास, आणि युरेनस तर ९८ अंश म्हणजे आडवाच पडलेला.

शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती २२५ दिवस. दोन्ही विरुद्ध दिशांनी असल्यामुळं एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साधारण ११७ दिवस जातात, आणि सूर्य उगवतो पश्चिमेला. विषुववृत्तावर आपली पृथ्वी ताशी १६७० किमीनं फिरते, शुक्र ताशी साडेसहा किमीनं. जाड ढगांमुळं त्याची जमीन दुर्बिणीतून कधी दिसलीच नाही, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रडारच्या लहरी पाठवून, त्या परत आल्यावर मोजून हे उलटं फिरणं कळलं.

का उलटा, यावर दोन बाजू आहेत. काही जण म्हणतात एखादी मोठी टक्कर. पण मला पटणारं कारण त्याच्या हवेत आहे. शुक्राच्या जमिनीवर हवेचा दाब आपल्या सुमारे ९० पट आहे. सूर्याच्या ओढीमुळं ग्रहाचं अंग ताणलं जातं आणि फिरणं मंदावतं, पण इतकी जाड हवा उन्हानं तापून फुगते तेव्हा तीही ग्रहाला हलका धक्का देत राहते, आणि तो धक्का या मंदावण्याच्या विरुद्ध काम करतो. २००१ मध्ये अलेक्झांद्र कोरेया आणि जाक लास्कार यांनी गणितानं दाखवलं की सुरुवातीला शुक्र आपल्यासारखा सुलट फिरत असला तरी कोट्यवधी वर्षांत या दोन्हींच्या ओढाताणीत तो आजच्या उलट्या स्थितीत पोचू शकतो. तेव्हा मुलीला सांगा, बदललं असेल तर ते त्याच्या स्वतःच्या हवेनं आणि सूर्यानं मिळून, फार फार हळू.

रिवायंडिंगवाला

दादा तुमच्या वायरमननं अगदी बरोबर केलं, त्याच्यामागचं कारण सांगतो म्हणजे पोरीला दोन्हीतला फरक कळेल. थ्री फेज लाइनमध्ये तिन्ही फेज एकदम वर खाली होत नाहीत, एकामागून एक होतात, आर मग वाय मग बी. मोटरच्या बाहेरच्या भागात तीन वायंडिंग गोल बसवलेल्या असतात, त्यामुळं चुंबकाची ताकद पहिल्या वायंडिंगपासून दुसऱ्या, दुसऱ्यापासून तिसऱ्या अशी गोल पळत राहते आणि आतला फिरणारा भाग म्हणजे रोटर तिच्यामागं ओढला जातो. ५० सायकलच्या आपल्या लाइटवर दोन पोलच्या मोटरमध्ये ही ताकद मिनिटाला ३००० फेऱ्या मारते, रोटर थोडा मागं राहून २८००-२९०० वर चालतो. आता कुठल्याही दोन वायरी बदला, ओळ आर बी वाय अशी होते, ताकद उलटी पळते, मोटर उलटी. आणि हे लक्षात ठेवा की तिन्ही वायरी एकेक घर पुढं सरकवल्या तर दिशा तीच राहते, कारण ओळ तीच राहिली. डीपी बदलताना किंवा लाइनचं काम झाल्यावर ही ओळ बदलते आणि मग अख्ख्या डीपीवरच्या मोटरी उलट्या फिरतात, गावात एकदम सगळ्यांचं पाणी कमी झालं की आम्ही आधी तेच बघतो.

बऱ्याच जणांना वाटतं मोटर उलटी फिरली की पाणी विहिरीत परत जाणार. तसं नसतंय. इंपेलर म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक पाण्याला मधून बाहेर फेकतं, ते कुठल्याही बाजूनं फिरलं तरी पाणी बाहेरच फेकणार. फक्त त्याची पाती एका बाजूसाठी वाकवलेली असतात आणि केसिंगपण तसंच असतं, म्हणून उलटं फिरताना प्रेशर आणि पाणी दोन्ही पडतं. मोनोब्लॉकच्या (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या) बॉडीवर बाण असतो तो बघायचा. सबमर्सिबल बोअरमध्ये खाली असते, दिसत नाही, तिथं एकदा असं एकदा तसं जोडून ज्यात पाणी जास्त ती दिशा बरोबर. पण उलटी जास्त वेळ चालवू नका, आणि वायरीला हात लावायचं काम मेन पाडल्याशिवाय अजिबात नाही.

अजून एक, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसेल किंवा गळत असेल तर लाइट गेल्यावर पाइपमधलं पाणी खाली येताना मोटर उलटी फिरवतं. तेवढ्यात लाइट आली आणि ऑटो स्टार्टरनं लगेच चालू केली तर उलट्या फिरणाऱ्या शाफ्टला एकदम सुलटा झटका बसतो, शाफ्ट पिळून तुटलेले बघितलेत मी. ऑटोला टायमर लावून घ्या.

सिंगल फेजला तर स्वतःची दिशाच नसते. त्यातली ताकद नुसती मागं पुढं होते, गोल पळत नाही. म्हणून पंख्यात दुसरी वायंडिंग आणि कपॅसिटर देऊन तिला एका बाजूला ढकलावं लागतं. कपॅसिटर गेला की पंखा नुसता हुं हुं करतो, काठीनं ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला फिरायला लागतो. कपॅसिटर बदलताना वायर चुकीच्या वायंडिंगला गेली तर पंखा उलटा फिरून हवा छताकडं जाते. यात पृथ्वीचा काही हात नाही, सगळं वायरिंगचं.

कोकणकडा

पण बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात एका बाजूनं आणि दक्षिणेत दुसऱ्या बाजूनं जातं ना? शाळेत आम्हाला हेच सांगितलं होतं. मग छोट्या वस्तूंवर पण पृथ्वीचा परिणाम होतोच की.

नभांगण

@कोकणकडा बेसिनमध्ये नाही होत, म्हणजे परिणाम असतो पण इतका बारीक की नळ कुठल्या बाजूला आहे, भांड्याचा आकार कसा आहे, तुम्ही हात कसा काढला यातच तो बुडून जातो. तुमच्याच घरातली दोन बेसिन वेगळ्या बाजूंनी रिकामी होतील. पण शिकवणाऱ्याचं म्हणणं हवेतलं नाही, कारण फार काळजी घेतली तर ते दिसतं. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत अ‍ॅशर शापिरो यांनी सहा फूट व्यासाच्या टबात पाणी भरून चोवीस तास हलूच दिलं नाही आणि मग खालचं बारीक छिद्र उघडलं, तेव्हा पाणी काट्यांच्या उलट दिशेनं फिरलं. १९६५ मध्ये सिडनीत असाच प्रयोग झाला, तिथं काट्यांच्या दिशेनं.

खरा परिणाम बघायचा तर चक्रीवादळात बघा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हाचे सॅटेलाइट फोटो, किंवा मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही वरून बघितलं तर काट्यांच्या उलट फिरतात. उत्तर गोलार्धातलं प्रत्येक चक्रीवादळ तसंच. तिथं हवा शेकडो किमीवरून, कितीतरी तास प्रवास करून आत येते, तेवढ्या वेळात पृथ्वी खालून बरीच फिरलेली असते. आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत फूकोचा लंबक आहे, शक्य असेल तर पोरीला तो दाखवाच. त्याचा झोका हळूहळू काट्यांच्या दिशेनं वळत जातो, खरंतर वळत असते जमीन. ध्रुवावर एका दिवसात फेरी पूर्ण झाली असती, पुण्याच्या अक्षांशावर साधारण ७५ तास लागतात.

शंकूची सावली

घड्याळाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण तिथं पृथ्वीचा हात अगदी थेट आहे. यंत्राची घड्याळं युरोपात बनली, आणि तबकडीवरचे काटे आधीच्या सूर्यघड्याळातल्या सावलीसारखे फिरवले गेले. उत्तर गोलार्धात तिकडं सूर्य पूर्वेला उगवून दक्षिणेकडून पश्चिमेला जातो, म्हणून सावली पश्चिमेकडून उत्तरेवरून पूर्वेला सरकते. तीच आपली काट्यांची दिशा. घड्याळ दक्षिण गोलार्धात जन्मलं असतं तर काटे उलटे फिरले असते. बोलिव्हियानं २०१४ मध्ये ला पाझमधल्या संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ मुद्दाम तसं उलटं करून घेतलं, आम्ही दक्षिणेचे आहोत हे सांगायला.

आता आपल्याकडची खरी गंमत ऐका. मुंबई, पुणे, तुमचा आमचा सगळा भाग कर्कवृत्ताच्या खाली आहे. त्यामुळं मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या शेवटाला एकदा असे दोन शून्य सावली दिवस येतात, गावाप्रमाणं तारीख थोडी बदलते. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडून जातो. तेव्हा जमिनीत सरळ उभी काठी रोवली तर तिची सावली सकाळी थोडी काट्यांच्या दिशेनं सरकते आणि मग थांबून उलटी वळते, दुपारी दक्षिणेकडून जाते. म्हणजे जूनमध्ये आपल्या अंगणातली सावली घड्याळाच्या विरुद्ध फिरते! ढग नसलेला दिवस मिळणं अवघड, पण मेच्या शेवटच्या आठवड्यात करून बघा, दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची.

मग सूर्यघड्याळ आपल्याकडं चालतं कसं? काठी सरळ उभी न ठेवता उत्तरेकडं तोंड करून पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवतात, म्हणजे पुण्यात जमिनीशी साडेअठरा अंश. मग तासांच्या रेषा बाराही महिने एकाच क्रमानं येतात. जयपूरचं सम्राट यंत्र, २७ मीटर उंच, याच तत्त्वावर बांधलंय, तिथं हा कोन २७ अंश.

आणि पृथ्वी फिरते म्हणून तारे पश्चिमेकडं जाताना दिसतात हे आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये लिहून ठेवलंय, पुढं जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागं जाताना दिसतात त्याचं उदाहरण देऊन. मुलीला हे जरूर सांगा.

टर्नर फिटर

स्क्रूचं माझ्याकडून. सुलटे आटे म्हणजे उजवीकडं फिरवलं की घट्ट, हे उजव्या हाताच्या माणसाला सोयीचं, मनगट त्या बाजूला पिळताना ताकद जास्त लावता येते. पण जिथं फिरण्यामुळं नट आपोआप सैल होईल तिथं उलटे आटे देतातच. टेबल फॅनचं पुढचं बूच बघा, फॅन समोरून काट्यांच्या दिशेनं फिरतो आणि बूच उलट्या आट्याचं असतं, म्हणजे चालू होताना ते स्वतःच आवळलं जातं. बेंच ग्राइंडरच्या दोन दगडांपैकी डाव्या बाजूचा नट उलटा, सायकलचं डावं पायडल उलटं. वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचा नट सुलटा आणि अ‍ॅसिटिलीनचा उलटा, त्याच्या कडांना खाच पाडलेली असते, म्हणजे अंधारात चाचपून पण एकाची नळी दुसऱ्याला लागू नये. इथं दिशा म्हणजे माणसाचा जीव वाचवायची सोय आहे. लेथवर उलटे आटे पाडायचे तर लीड स्क्रूच्या (आटे पाडताना हत्यार पुढं सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) गिअरमध्ये मधे एक गिअर वाढवला की झालं, दर वाढलेल्या गिअरला दिशा पलटते.

पंखकथा

हेलिकॉप्टरचं पण असंच. आपल्या हवाई दलाचे चेतक, चीता फ्रेंच डिझाइनचे आणि एमआय १७ रशियन, यांचा मोठा पंखा वरून बघितला तर काट्यांच्या दिशेनं. अपाचे अमेरिकन, त्याचा उलट. त्यामुळं पॉवर वाढवली की एकाचं नाक एका बाजूला वळतं आणि दुसऱ्याचं दुसऱ्या, पायलटला पाय पण वेगळा दाबावा लागतो. कुठलीही एक दिशा जास्त चांगली असं नाही, ज्या देशात जी पद्धत सुरुवातीला पडली ती चालू राहिली.

पृथ्वीची दिशा ज्याला खरंच उपयोगी पडते ते रॉकेट. श्रीहरिकोट्याला जमीनच पूर्वेकडं सेकंदाला साधारण ४५० मीटरनं चाललेली असते, पूर्वेकडं सोडलं की तेवढा वेग फुकट मिळतो, शिवाय पुढं समुद्र. इस्रायलला मात्र पूर्वेला शेजारी देश असल्यामुळं १९८८ पासून आपले उपग्रह भूमध्य समुद्रावरून पश्चिमेकडं सोडावे लागतात, पृथ्वीच्या विरुद्ध, त्यामुळं त्याच रॉकेटनं वजन कमी नेता येतं.

विहिरीवरून

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. टायमर उद्याच आणतो. मुलीनं सगळं ऐकून अजून एक विचारलंय. युरेनस ९८ अंश आडवा आहे म्हणता, मग तो सुलट फिरतो म्हणायचं का उलट? आणि शुक्र सोडून अजून कुठं सूर्य चंद्र पश्चिमेला उगवतो का?

नभांगण

दुसरं आधी. मंगळावर. मंगळ स्वतः आपल्यासारखाच सुलट फिरतो, २४ तास ३७ मिनिटांत एक फेरी, सूर्य तिथंही पूर्वेलाच उगवतो. पण त्याचा फोबोस नावाचा चंद्र इतका जवळ आहे की साडेसात तासांच्या थोड्या वर वेळात मंगळाभोवती फेरी पूर्ण करतो, मंगळाच्या फिरण्यापेक्षा जास्त वेगानं. त्यामुळं मंगळावर उभं राहिलं तर फोबोस पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल. दिशा तीच, नुसता वेग जास्त, आणि दिसतं उलटं. याच्या विरुद्ध नेपच्यूनचा ट्रायटन, तो मोठा चंद्र असून खरोखर उलट्या दिशेनं फेरी मारतो, म्हणून तो तिथं जन्मलेला नसून नेपच्यूननं बाहेरून पकडलेला आहे असं मानतात.

युरेनस सुलट का उलट हे त्याचा उत्तर ध्रुव कुणाला म्हणायचं यावर अवलंबून आहे. खगोलशास्त्रज्ञांचा नियम असा की ग्रहाचा जो ध्रुव सूर्यमालेच्या पातळीच्या उत्तरेकडच्या बाजूला असेल तो उत्तर. तो नियम लावला तर युरेनस उलटा फिरतो, शुक्रासारखा. दुसरी पद्धत उजव्या हाताची, बोटं फिरण्याच्या दिशेनं वाकवायची, अंगठा जिकडं तो उत्तर. त्या पद्धतीनं तो सुलटच फिरतो, फक्त ९८ अंश कलंडलेला, आणि शुक्र पण सुलटच पण १७७ अंश कलंडलेला म्हणजे जवळजवळ डोक्यावर उभा. दोन्ही पद्धतींनी आकाशात दिसणार ते एकच. युरेनसचं वर्ष आपल्या ८४ वर्षांचं, त्यामुळं त्याच्या एकेका ध्रुवावर सुमारे ४२ वर्षं सलग उजेड आणि ४२ वर्षं सलग अंधार. १९८६ मध्ये व्हॉयेजर २ शेजारून गेलं तेव्हा त्याचा दक्षिण ध्रुव जवळजवळ थेट सूर्याकडं होता, २००७ मध्ये ऊन बरोबर विषुववृत्तावर आलं, आणि आता उत्तर ध्रुव उन्हात आहे.